नाहेकाठाहून ऱ्हाइनकाठी : आयबिंगेनच्या मठाची ८७५ वर्षे

जर्मनीत ऱ्हाइन नदीच्या उजव्या तीरावर, रूडेसहाइम गावाच्या वरच्या अंगाला द्राक्षमळ्यांच्या मधोमध दोन मनोऱ्यांची एक दगडी वास्तू उभी आहे. नदीतून होडीने जाणाऱ्या प्रवाशांना ती मध्ययुगातली वाटते. गोल कमानी, जाड भिंती, लहान खिडक्या, सगळे काही तसेच. प्रत्यक्षात तिचा पहिला दगड जुलै १९०० मध्ये बसला. म्हणजे वास्तूचे वय सव्वाशे वर्षे. मग ८७५ वर्षे हा हिशेब आला कुठून?

संस्थेचे वय मोजायचे कशावरून, हा प्रश्न स्मरणिका लिहिणाऱ्याला नेहमीच पडतो. इमारतीवरून मोजावे तर इथे तीन इमारती झाल्या. एक जाळली गेली, दुसरी रिकामी करून घेतली गेली, तिसरी आज उभी आहे. अखंड चाललेल्या प्रार्थनेवरून मोजावे तर मध्ये नव्वद वर्षांचा खंड पडतो. आम्ही वर्षे मोजली आहेत ११५० पासून. त्या साली सुमारे वीस स्त्रिया आपले जुने घर सोडून नाहे नदीच्या मुखापाशी एका पडक्या देवळाशेजारी राहायला आल्या. आपल्याकडची खूण सांगायची तर भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पुरा केला ते हेच साल.

जोगिणींचा मठ म्हटले की मराठी आणि कोकणी वाचकाला जुन्या गोव्यातला सांता मोनिका आठवेल. तो १६०६ मध्ये सुरू झाला, आणि ऑगस्टिनियन पंथाचा. आयबिंगेनचा मठ बेनेडिक्टाइन परंपरेतला. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने इटलीत मठवासीयांसाठी ७३ प्रकरणांची एक नियमावली लिहिली. दिवसाची वाटणी प्रार्थना, वाचन आणि हातांचे काम यांत करावी, मठाने स्वतःच्या कष्टावर जगावे, मरेपर्यंत एकाच ठिकाणी राहावे, असा तिचा गाभा. यातले शेवटचे कलम आपल्या या संस्थेला फारसे साधले नाही, हे पुढे दिसेलच.

पूर्वपीठिका : १११२ ते ११४०

मठाची संस्थापिका हिल्डेगार्ड १०९८ साली ऱ्हाइन-हेसनमधल्या बेर्मर्सहाइम गावी एका सरदार घराण्यात जन्मली. आईबापांचे ते दहावे मूल. पिकाचा दहावा हिस्सा चर्चला द्यायचा तसे दहावे मूलही देवाला दिले, असे तिच्या चरित्रात येते. आपल्याकडे नवसाचे मूल देवाला सोडत, त्यातलाच प्रकार. आठव्या वर्षी तिला युट्टा नावाच्या स्पॉनहाइम घराण्यातल्या मुलीच्या हाती सोपवले. १ नोव्हेंबर १११२ रोजी या दोघी डिसिबोडेनबर्गच्या पुरुषांच्या मठाला लागून असलेल्या एका बंदिस्त खोलीत व्रतस्थ म्हणून राहायला गेल्या. युट्टा तेव्हा वीस वर्षांची होती, हिल्डेगार्ड चौदाची.

त्या खोलीभोवती हळूहळू आणखी मुली जमल्या. सरदारांच्या घरांतून त्या यायच्या, सोबत जमिनींची दाने यायची. डिसेंबर ११३६ मध्ये युट्टा वारली, तेव्हा जमलेल्या भगिनींनी हिल्डेगार्डला आपली प्रमुख निवडले. निवडले हा शब्द महत्त्वाचा. मठाधिपतीने नेमलेली बाई आणि बायांनी निवडलेली बाई यांत फरक असतो, आणि तो फरक पुढे टिकवून धरण्यात संस्थेची पहिली वीस-बावीस वर्षे गेली.

११४१ ते ११५० : परवानगीची वाट

वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी हिल्डेगार्डने आपल्याला दिसणारी दर्शने लिहून काढायला घेतली. तिचे लॅटिन व्याकरणात पक्के नव्हते. ते तपासून द्यायला फोल्मार नावाचा साधू होता, आणि शेजारी बसून मदत करायला रिखार्डिस फॉन श्टाडे ही तरुण भगिनी होती. ‘स्किव्हियास’ हा ग्रंथ दहा वर्षे चालला. ११४७-४८ च्या हिवाळ्यात पोप तिसरा यूजीन ट्रिअरला आला असताना त्यातला काही भाग धर्मसभेपुढे वाचला गेला आणि पुढे लिहायला मान्यता मिळाली. एका बाईने देवाविषयी लिहावे की नाही, हा प्रश्न त्या काळापुरता मिटला.

या कीर्तीमुळे डिसिबोडेनबर्गकडे माणसांचा आणि दानांचा ओघ वाढला. नेमक्या त्याच वेळी हिल्डेगार्डने जाहीर केले की भगिनींनी येथून निघून बिंगेनजवळच्या रूपर्ट्सबर्गला स्वतंत्र मठ करावा, अशी आपल्याला आज्ञा झाली आहे. जागा म्हणजे संत रूपर्टच्या थडग्याभोवतीची उजाड टेकडी. डिसिबोडेनबर्गचे मठाधिपती कुनो यांनी नकार दिला.

संस्थेच्या इतिहासात असल्या प्रसंगांवर पडदा टाकण्याची रीत आहे, आणि मी ती पाळणार आहे. कुनो यांची अडचण समजण्यासारखी होती, एवढेच नमूद करतो. इकडे हिल्डेगार्ड अंथरुणाला खिळली. कुनो स्वतः येऊन तिचे डोके उचलू लागले तर ते उचलेना, दगडासारखे जड झाले, असे चरित्रकार सांगतो. हे दुखणे कोणी दैवी म्हणतात, कोणी हट्ट म्हणतात. माझ्या मते या खटल्यात दुखण्याइतकेच काम रिखार्डिसच्या आईने केले. या सरदारीणबाईंनी माइन्झच्या आर्चबिशपांकडे शब्द टाकला आणि परवानगी आली.

११५० मध्ये मंडळी निघाली.

११५१ ते ११६० : चणचण आणि सनदा

नव्या जागी पहिली वर्षे फार वाईट गेली. डिसिबोडेनबर्गला भरल्या घरात राहिलेल्या मुलींना इथे छप्परही नीट नव्हते. दाने सगळी जुन्या मठाच्या नावावर, आणि जुना मठ ती सोडायला तयार नाही. एवढ्या मोठ्या घरच्या मुलींनी असल्या ओसाडीत का यावे, असे लोक बोलत. काही भगिनी कंटाळून निघूनही गेल्या. हिल्डेगार्डने हे लपवलेले नाही, आपल्या आठवणीत ते स्वच्छ सांगितले आहे. शेजारपाजारच्या लोकांनी दिलेल्या मदतीवर आणि थडग्यासाठी मिळालेल्या देणग्यांवर दिवस निघाले. ज्यांनी तेव्हा पोत्याने धान्य आणून टाकले त्यांची नावे कुठल्याच यादीत नाहीत, आणि संस्था उभी राहिली ती त्या धान्यावर.

याच सुमारास रिखार्डिसला दूर बासुमच्या मठाची अध्यक्षा म्हणून बोलावणे आले आणि ती गेली. हिल्डेगार्डला हे मुळीच रुचले नाही. तिने आर्चबिशपांना लिहिले, रिखार्डिसच्या आईला लिहिले, पोपपर्यंत तक्रार नेली. उपयोग झाला नाही. वर्षभरातच, ऑक्टोबर ११५२ मध्ये, रिखार्डिस वारली. परत यायची तिची इच्छा होती, असे तिच्या भावाने कळवले. हे पत्र वाचल्यावर कोण बरोबर आणि कोण चूक ही चर्चा करावीशी वाटत नाही.

त्याच वर्षी आर्चबिशपांच्या हस्ते रूपर्ट्सबर्गच्या चर्चचे अभिमंत्रण झाले. ‘ओर्दो व्हिर्तुतुम’ हे संगीतनाटक याच सुमाराचे. सद्गुण आणि सैतान यांच्यात एका आत्म्यावरून चाललेली ती ओढाताण. सद्गुणांच्या वाट्याला गाणी आहेत. सैतानाला मात्र गाता येत नाही, तो नुसता ओरडतो. मठातल्या मुलींनीच ते गायले असावे, असा अभ्यासकांचा कयास आहे.

सणाच्या दिवशी या मुली केस मोकळे सोडून, रेशमी पांढरे बुरखे आणि सोनेरी मुकुट घालून प्रार्थनेला उभ्या राहत. आंडरनाखच्या मठाच्या प्रमुख टेंग्सविख यांनी पत्र पाठवून याबद्दल विचारणा केली. शिवाय तुमच्याकडे फक्त उच्चकुलीन मुलींनाच का घेता, असाही सवाल केला. बैल, गाढवे, मेंढ्या एका गोठ्यात कोणी बांधत नाही, अशा आशयाचे उत्तर हिल्डेगार्डने दिले. संस्थापिकेचा कितीही आदर असला तरी हे उत्तर आज वाचताना मान खाली जाते. टेंग्सविखबाईंचा प्रश्न रास्त होता.

इस्टेटीचा वाद या दशकाच्या अखेरीस सुटला. कुनो ११५५ मध्ये वारले. त्यांच्या जागी आलेल्या हेलेंगर यांच्याशी बोलणी झाली आणि ११५८ मध्ये आर्चबिशप आर्नोल्ड यांनी सनदा करून दिल्या. कुठल्या जमिनी कोणाच्या हे ठरले, आपली प्रमुख आपण निवडण्याचा भगिनींचा हक्क मान्य झाला, आणि धार्मिक विधींसाठी डिसिबोडेनबर्गने एक पुरोहित साधू पाठवत राहावा असेही ठरले. तडजोडीत दोन्ही बाजूंनी काही सोडले. ज्याला जे सोडावे लागले त्याला ते जास्त वाटले असणार, पण संस्था उभी राहते ती असल्याच कागदांवर.

औषधी वनस्पती, धातू, प्राणी, रोग आणि उपचार यांवरचे लेखनही याच दशकातले. स्पेल्ट या गव्हाचे त्यात मोठे कौतुक आहे. हा आपल्या खपलीच्या नात्यातला, टरफल न सुटणारा गहू. सुमारे हजार शब्दांची एक स्वतःची गुप्त भाषाही हिल्डेगार्डने रचली. ती कशासाठी, यावर अजून वाद आहेत.

११६१ ते ११७० : नदीपलीकडची शाखा

सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने ११६३ मध्ये रूपर्ट्सबर्गला संरक्षणाची सनद दिली. पुढे सम्राटाने पोपांविरुद्ध आपले पोप उभे केले, तेव्हा हिल्डेगार्डने त्याला खरमरीत पत्रे लिहिली. सनद मात्र शाबूत राहिली. साठी उलटलेली ही बाई याच काळात घोड्यावरून आणि होडीतून गावोगाव जाऊन पुरोहितांपुढे जाहीर प्रवचने करत होती. ट्रिअर, कोलोन, माइन नदीकाठची गावे, शेवटी श्वाबेन, असे चार दौरे झाले.

भगिनींची संख्या वाढली आणि जागा पुरेना. पलीकडच्या तीरावर आयबिंगेनला मार्का नावाच्या रूडेसहाइमच्या सरदारीणबाईने ११४८ मध्ये ऑगस्टिनियन मठ स्थापला होता. बार्बारोसाच्या सैन्याच्या धुमाकुळात तो उद्ध्वस्त झाला होता. ११६५ मध्ये हिल्डेगार्डने ती पडकी वास्तू घेतली, दुरुस्त केली आणि तीस भगिनींची सोय केली. सामान्य घरांतल्या मुलींना इथे प्रवेश होता, अशी परंपरा सांगते. टेंग्सविखबाईंना मिळालेले खरे उत्तर ते हेच म्हणायचे का? तसा लेखी पुरावा नाही, पण मला तसे म्हणावेसे वाटते.

आठवड्यातून दोनदा हिल्डेगार्ड होडीने नदी ओलांडून आयबिंगेनला जाई. अशाच एका फेरीत एका बाईने आपले आंधळे मूल तिच्यापुढे धरले आणि तिने ऱ्हाइनचे पाणी ओंजळीत घेऊन त्याच्या डोळ्यांना लावले, अशी कथा आहे. मूळ मठ डाव्या तीरावर, शाखा उजव्या. शाखाच पुढे मूळ होणार आहे, याची तेव्हा कोणाला कल्पना असणार!

११७१ ते ११८० : गाणे थांबले, गाणे सुरू झाले

फोल्मार ११७३ मध्ये वारला. तीस वर्षांहून जास्त काळ हस्तलिखिते तपासणारा माणूस गेला. करारानुसार डिसिबोडेनबर्गने दुसरा साधू द्यायचा होता. तो यायला उशीर झाला आणि पोपना लक्ष घालावे लागले, यापलीकडे सांगण्यासारखे काही नाही. गॉटफ्रिड आला, त्याने चरित्र लिहायला घेतले आणि तोही ११७६ मध्ये गेला. पुढच्या वर्षी बेल्जियममधल्या जांब्लूचा साधू गिबेर इथे राहायला आला. पन्नास भगिनींचा संसार, पाहुणे, नोकर, आणि कामाच्या प्रत्येक खोलीत नळाने खेळवलेले पाणी, असे रूपर्ट्सबर्गचे वर्णन त्याने पत्रात केले आहे. बाराव्या शतकात कामाच्या खोलीत वाहते पाणी! इमारती भव्य नाहीत पण राहायला सोयीच्या आहेत, असेही तो सांगतो. माझ्या मते कुठल्याही मठाचे याहून चांगले प्रशस्तिपत्र नसेल.

११७८ मध्ये मठाच्या दफनभूमीत एका सरदाराला पुरले. त्याला पूर्वी धर्मबहिष्कृत केले होते. मरण्यापूर्वी तो बहिष्कार उठला होता, असे भगिनींचे म्हणणे. माइन्झच्या अधिकाऱ्यांनी ते मानले नाही. प्रेत उकरून बाहेर टाका, असा हुकूम आला. ऐंशी वर्षांच्या हिल्डेगार्डने काठीने थडग्याच्या खुणा पुसून टाकल्या, म्हणजे उकरायचे कुठे हे कोणाला कळू नये. शिक्षा म्हणून मठावर बंदी आली. ख्रिस्तप्रसाद बंद, घंटा बंद, आणि दिवसातून अनेक वेळा गायची स्तोत्रे फक्त हळू आवाजात वाचायची, तीही दारे लावून.

ज्या घरात एका बाईने सत्त्याहत्तर गीते रचली आणि ती पन्नास कंठांनी म्हटली, त्या घरातले हे काही महिने कसे गेले असतील? हिल्डेगार्डने माइन्झला पत्र लिहिले. माणसाने संगीत का निर्माण केले आणि ते बंद पाडणाऱ्याला काय उत्तर द्यावे लागेल, याचे विवेचन त्यात आहे. संगीतावर लिहिलेल्या मध्ययुगीन लेखनात हे पत्र आजही वाचले जाते, आणि ते लिहिले गेले ते एका प्रशासकीय तक्रारीच्या निमित्ताने. आर्चबिशप क्रिस्टियान तेव्हा इटलीत होते. साक्षीदार मिळाले, आर्चबिशपांकडून आदेश आला आणि मार्च ११७९ मध्ये बंदी उठली. भगिनी पुन्हा गाऊ लागल्या. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला हिल्डेगार्ड वारली.

११८० नंतरची सहा शतके

इथून पुढे दशकांचे मथळे देता येत नाहीत, कारण सांगण्याजोगे शतकामागे एखाददुसरेच. तेराव्या शतकात हिल्डेगार्डला संत घोषित करण्यासाठी चौकशी झाली. कागदपत्रे रोमला गेली, अपुरी म्हणून परत आली, पुन्हा गेली. निर्णय लागला नाही. सरकारी दप्तरात अडकलेल्या फायलींचा अनुभव असलेल्यांना इथे काही समजावून सांगायला नको. लोकांनी मात्र तिला संत मानले आणि थडग्यावर दिवे लावत राहिले.

पुढे दोन्ही मठांची कळा उतरली. १५७५ च्या सुमारास आयबिंगेनला तीनच भगिनी उरल्या होत्या. त्यांना रूपर्ट्सबर्गला हलवले, आणि सतराव्या शतकाच्या आरंभी आयबिंगेनला पुन्हा बेनेडिक्टाइन जीवन सुरू झाले. मग तीस वर्षांचे युद्ध आले. १६३२ मध्ये स्वीडनच्या सैन्याने रूपर्ट्सबर्ग जाळला. भगिनी हिल्डेगार्डच्या अस्थी, हस्तलिखिते आणि हाती लागेल ते घेऊन कोलोनकडे पळाल्या आणि काही वर्षांनी आयबिंगेनला येऊन राहिल्या. रूपर्ट्सबर्गला परत जाणे झाले नाही. तरी पुढे पावणेदोनशे वर्षे इथली मठाध्यक्षा ‘रूपर्ट्सबर्ग आणि आयबिंगेनची’ असेच बिरुद लावत असे.

त्या जळत्या घरातून जडशीळ ग्रंथ आधी कोणी उचलले असतील, हा विचार मनातून जात नाही. त्यातला एक तर पंधरा किलो वजनाचा, ४८१ पानांचा. त्याला ‘महाकाय ग्रंथ’ म्हणतात. दागिने आणि भांडी सोडून कोणीतरी ते ओझे खांद्यावर घेतले होते.

१८०१ ते १९०० : रिकामी वास्तू

नेपोलियनच्या काळात जर्मन संस्थानांनी चर्चची मालमत्ता ताब्यात घेतली. १८०३ मध्ये आयबिंगेनचा मठ विसर्जित झाला आणि १८१४ पर्यंत शेवटच्या भगिनीही बाहेर पडल्या. इमारतीचा काही भाग पाडला गेला. मठाचे चर्च १८३१ मध्ये गावाने आपल्या परगण्याचे चर्च म्हणून घेतले, म्हणून अस्थी जागेवर राहिल्या. हस्तलिखिते वीसबाडेनच्या ग्रंथालयात गेली.

१८५७ हे साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी आयबिंगेनचे धर्मगुरू लुडविग श्नायडर यांच्या खटपटीने अस्थींची खात्री पटवली गेली आणि १७ सप्टेंबरला त्यांची मिरवणूक निघाली. आणि त्याच वर्षी नदीपलीकडे, नाहे खोऱ्यातल्या रेल्वेसाठी रूपर्ट्सबर्गचे उरलेसुरले अवशेष सुरुंग लावून उडवले. चर्चच्या पाच कमानी आज तिथल्या एका इमारतीत शिल्लक आहेत.

मठ पुन्हा उभा करण्याचा विचार लिम्बुर्गच्या बिशपांच्या मनात होता. बिस्मार्कच्या काळात सरकार आणि कॅथलिक चर्च यांच्यातल्या झगड्यामुळे तो लांबला. अखेर लोवेनश्टाइनचे प्रिन्स कार्ल यांनी खर्चाचा भार उचलला. हे गृहस्थ पुढे स्वतःच संसार सोडून डॉमिनिकन साधू झाले. जुन्या मठाच्या वर, डोंगरउतारावर नवी जागा निवडली गेली. जुन्या मठाचे सगळे हक्क नव्या मठाला पोपनी बहाल केले, म्हणून ही नवी संस्था कागदोपत्रीही जुनीच ठरली.

१९०१ ते १९२० : पुन्हा बारा जणी

१७ सप्टेंबर १९०४ रोजी, हिल्डेगार्डच्या पुण्यतिथीलाच, प्रागच्या सेंट गाब्रिएल मठातून बारा भगिनी आयबिंगेनला राहायला आल्या. १९०८ मध्ये चर्चचे अभिमंत्रण झाले आणि रेगिन्ट्रुडिस साउटर पहिल्या मठाध्यक्षा झाल्या. भिंतींवरची चित्रे बॉयरॉन मठाच्या पाउलुस क्रेब्स यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढली. सपाट सोनेरी पार्श्वभूमी, सरळ उभ्या आकृती, हालचाल जवळजवळ नाही. पहिल्या नजरेत ती कोरडी वाटतात. पण मेणबत्तीच्या उजेडात, स्तोत्रे चालू असताना, ती तशीच असायला हवी होती हे पटते.

साउटर यांनी १९५५ पर्यंत, दोन महायुद्धे आणि एक हद्दपारी पार करून, हा मठ सांभाळला. त्यांच्याबरोबर शेतात, स्वयंपाकघरात, धुण्याच्या जागी राबलेल्या भगिनींची नावे मठाच्या मृत्युनोंदवहीत आहेत आणि त्यांच्या स्मृतिदिनी प्रार्थनेत घेतली जातात.

१९२१ ते १९४० : चौघींची सात वर्षे

‘स्किव्हियास’ची एक सचित्र प्रत रूपर्ट्सबर्गच्या काळापासून चालत आलेली होती. तिच्यात पस्तीस चित्रे होती. अंडाकृती विश्व, ज्वाळांचे वलय, नऊ वर्तुळांतले देवदूत, आणि मेणाच्या पाटीवर लिहिणारी खुद्द हिल्डेगार्ड, जिच्या डोक्यावर आगीच्या जिभा उतरत आहेत. ही प्रत वीसबाडेनला होती. १९२७ मध्ये मठातल्या चार भगिनींनी तिची नक्कल करायला घेतली. छायाचित्र काढून भागले असते. त्यांनी चर्मपत्र घेतले, जुन्या पद्धतीचे रंग आणि सोने वापरले, अक्षरन् अक्षर आणि रेघन् रेघ मुळाबरहुकूम उतरवली. हे काम १९३३ पर्यंत चालले.

त्या काळी कोणी विचारले असते की मूळ प्रत सुरक्षित असताना हा खटाटोप कशासाठी, तर त्यांच्यापाशी बेनेडिक्टच्या नियमाखेरीज उत्तर नसते. हातांना काम हवे.

दरम्यान, १९३२ मध्ये खालच्या जुन्या मठाचे चर्च आगीत जळाले. अस्थींची सोनेरी पेटी गावकऱ्यांनी वाचवली. तीन वर्षांत चर्च पुन्हा बांधले गेले.

१९४१ ते १९५० : हद्दपारी आणि ग्रंथांची पळवापळव

जुलै १९४१ मध्ये गेस्टापोने मठ जप्त केला आणि ११५ भगिनींना बाहेर काढले. चार वर्षे त्या जागा मिळेल तिथे विखुरलेल्या होत्या. १९४५ मध्ये परतल्या.

बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने वीसबाडेनच्या ग्रंथालयाने मौल्यवान हस्तलिखिते ड्रेस्डेनच्या एका बँकेच्या तिजोरीत नेऊन ठेवली होती. वीसबाडेनपेक्षा ड्रेस्डेन सुरक्षित, असा तेव्हा हिशेब. फेब्रुवारी १९४५ मध्ये ड्रेस्डेन बेचिराख झाले. ‘महाकाय ग्रंथ’ बचावला, पण सोव्हिएत भागात अडकला. सचित्र ‘स्किव्हियास’ बेपत्ता झाले. ते आजतागायत सापडलेले नाही.

महाकाय ग्रंथाची सुटका मोठी नाट्यमय आहे. बर्लिनच्या विदुषी मार्गारेटे क्यून यांनी अभ्यासासाठी तो मागवून घेतला आणि परत पाठवताना दुसरेच जुने पुस्तक ड्रेस्डेनला धाडले. खरा ग्रंथ एका अमेरिकन हवाई दलाच्या अधिकाऱ्याच्या पत्नीने, कॅरोलाइन वॉल्श यांनी, पश्चिमेला आणला. १९४८ मध्ये तो आधी आयबिंगेनच्या भगिनींच्या हाती आला आणि तिथून वीसबाडेनला गेला. ड्रेस्डेनला ही अदलाबदल कळायला बराच काळ गेला. पुढे दोन ग्रंथालयांत देवाणघेवाण होऊन प्रकरण मिटले. नीतिशास्त्राच्या काटेकोर वाचकांनी हा परिच्छेद सोडून द्यावा.

सचित्र ‘स्किव्हियास’चे मूळ रंग पाहायचे तर आज त्या चौघींची नक्कल एवढाच आधार आहे. जगभरच्या पुस्तकांत, दिनदर्शिकांत, संगीताच्या तबकड्यांवर हिल्डेगार्डची जी रंगीत चित्रे छापली जातात, ती बहुतेक करून त्यांच्या हातची आहेत.

१९५१ ते २०१२ : अभ्यासाचा काळ

हिल्डेगार्डने स्वतः काही लिहिलेच नाही, ग्रंथ दुसऱ्यांचे असावेत, अशी शंका विद्वानांत अधूनमधून निघे. मठातल्या मारिआना श्राडर आणि आडेलगुंडिस फ्युरकोटर या दोन भगिनींनी हस्तलिखितांची अक्षरे, शाई, लेखनगृहाच्या सवयी तपासल्या आणि १९५६ मध्ये पुस्तक काढून ही शंका पुराव्यानिशी निकाली काढली. फ्युरकोटर आणि आंजेला कार्लेव्हारिस यांनी ‘स्किव्हियास’ची चिकित्सक आवृत्ती १९७८ मध्ये प्रसिद्ध केली. गीतांचीही स्वरलेखनासह आवृत्ती मठातल्या भगिनींच्या सहभागाने निघाली. विद्यापीठांत मोठ्या विभागांनी करावे असे हे काम, आणि ते झाले रोजच्या प्रार्थना, द्राक्षांची छाटणी आणि पाहुण्यांचा स्वयंपाक सांभाळून.

१९८८ मध्ये इथल्या दहा भगिनींनी हिल्डेसहाइमजवळ मारीएनरोडे इथे जाऊन शाखा सुरू केली. दहा वर्षांत ती स्वतंत्र झाली. या वेळी परवानगीसाठी कोणाला अंथरूण धरावे लागले नाही.

तेराव्या शतकात अडकलेली फाईल मे २०१२ मध्ये सुटली. पोप सोळावा बेनेडिक्ट यांनी हिल्डेगार्डला अधिकृतपणे संत मानले आणि ७ ऑक्टोबरला ‘चर्चची आचार्य’ ही पदवी दिली. हा मान मिळालेली ती चौथी स्त्री.

आज

पहाटेच्या अंधारात पहिली घंटा होते आणि रात्रीच्या प्रार्थनेने दिवस संपतो. मधले तास कामाचे. मठाचे स्वतःचे द्राक्षमळे आहेत. त्यांत मुख्यतः रीसलिंग, थोडी काळी द्राक्षे. छाटणीपासून वाइन बाटलीत भरेपर्यंतची कामे भगिनी आणि त्यांचे मदतनीस करतात. दुकानात वाइनशेजारी स्पेल्टच्या पिठाची पाकिटे असतात. अतिथिगृह आहे, सोनारकाम आणि कुंभारकाम चालते. १७ सप्टेंबरला खाली गावातल्या चर्चमधून अस्थींची मिरवणूक निघते, तेव्हा नदीपलीकडच्या बिंगेनहूनही माणसे होडीने येतात.

हिल्डेगार्डच्या नावावर आता उपासाचे दिवस, गोळ्या, चहा असे पुष्कळ काही जगभर विकले जाते. त्यातले बरेचसे तिच्या ग्रंथात शोधूनही सापडणार नाही. मठ त्यावर वाद घालत बसत नाही, चांगल्या आवृत्त्या छापतो.

आणि एक खोली आहे जुने कागद दुरुस्त करण्याची. गावोगावच्या चर्चची दप्तरे आणि संग्रहालयांतली बुरशी लागलेली पाने तिथे येतात. एकेक पान पाण्यात सोडतात, वाळवतात, फाटलेल्या जागी पातळ कागदाचे ठिगळ लावतात, वजनाखाली दाबून ठेवतात. पुढच्या प्रार्थनेची घंटा झाली की पाने तशीच दाबात ठेवून भगिनी उठून जातात.